चार ट्रॅकची शिस्त: घरी रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग शिकताना

मल्टिट्रॅक रेकॉर्डिंगची मूळ कल्पना अगदी साधी आहे. आधी वाजवलेलं ऐकत ऐकत नवं वाजवायचं आणि दोन्ही वेगवेगळं साठवायचं. गिटार आज, आवाज उद्या, कोरस पुढच्या रविवारी. प्रत्येकाचा ट्रॅक स्वतंत्र असल्यामुळे एक चुकला तरी बाकीच्यांना हात न लावता तेवढाच पुन्हा घेता येतो. मग कोण पुढे, कोण मागे, कोण डावीकडे हे ठरवून सगळे ट्रॅक डाव्या-उजव्या अशा दोन चॅनलमध्ये बसवायचे, म्हणजे मिक्सिंग.

इतकं सरळ असूनही घरी केलेली पहिली काही गाणी हमखास गढूळ ऐकू येतात. गायकाचे शब्द वाद्यांखाली दबतात, तळाशी काहीतरी घुमत राहतं आणि तेच गाणं मोबाइलवर लावलं की अर्धी वाद्यं गायब होतात. मग माणूस नवा माइक शोधायला लागतो. माझ्या मते माइकचा दोष त्यात फार थोडा असतो. खरा घोळ होतो तो निर्णय पुढे ढकलल्यामुळे. ‘आत्ता घेऊन ठेवू, मिक्समध्ये बघू’ असं म्हणण्याची सोय मल्टिट्रॅकने करून दिली आणि शिकणारा नेमका त्याच सोयीत अडकतो.

ट्रॅक मोजके होते तेव्हा

लेस पॉल या अमेरिकन गिटारवादकाने १९४०च्या दशकात आपल्या घराच्या गॅरेजमध्ये एकावर एक गिटार चढवून रेकॉर्डिंग केली, तीही टेपवर नव्हे तर तबकड्यांवर. एक तबकडी वाजवायची, तिच्या साथीने नवा भाग वाजवायचा आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर कोरायचं. मग ती वाजवून तिसरी. पाचव्या थराला बोट घसरलं तर मागचे चार थर त्या तबकडीत एकजीव होऊन बसलेले, वेगळे काढायची सोय नाही. शिवाय प्रत्येक नकलेत आधीच्या थरांचा दर्जा थोडा उतरायचा. त्यामुळे कमी महत्त्वाचे भाग आधी आणि मुख्य सूर शेवटी, असा क्रम आधीच ठरवावा लागे. पुढे १९५७ मध्ये ॲम्पेक्स कंपनीचं आठ ट्रॅकचं टेप यंत्र त्याच्याकडे आलं आणि प्रत्येक थर खऱ्या अर्थाने स्वतंत्र झाला.

तरीही पुढची दहा वर्षं बऱ्याच मोठ्या स्टुडिओंत चारच ट्रॅक होते. बीटल्सचा १९६७चा ‘सार्जंट पेपर’ चार ट्रॅकच्या यंत्रांवर झाला. चार ट्रॅक भरले की त्यांचं मिश्रण दुसऱ्या यंत्रावरच्या एक-दोन ट्रॅकवर उतरवायचं आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुढचं घ्यायचं. याला बाउन्स करणं म्हणतात. एकदा बाउन्स केलं की ड्रम आणि गिटार यांचं आपसातलं प्रमाण कायमचं ठरलं.

घरात ही सोय आली १९७९ मध्ये, टास्कॅम कंपनीच्या पोर्टास्टुडिओमुळे. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घेणारं हे छोटेखानी यंत्र. १९८२ मध्ये आलेला ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ‘नेब्रास्का’ हा अल्बम अशाच यंत्रावर, घरच्या खोलीत, दोन साध्या डायनॅमिक माइकवर घेतला होता. खरं तर ते बँडला ऐकवण्यासाठी केलेलं कच्चं रेकॉर्डिंग होतं. बँडबरोबर स्टुडिओत तीच गाणी पुन्हा करून पाहिली, पण मूळची धग काही उतरेना. शेवटी ती कॅसेटच बाजारात आली.

आज रीपर, गॅरेजबँड, आर्डर, ऑडॅसिटी यांपैकी कुठलंही सॉफ्टवेअर उघडा, ट्रॅक हवे तितके. म्हणून शिकणाऱ्याला माझा पहिला सल्ला: पहिली काही गाणी चारच ट्रॅकमध्ये करा. ताल, बेस, एक सुरावटीचं वाद्य, आवाज, बस्स. पाचवा ट्रॅक घ्यावासा वाटला तर आधीच्या चारांत काय कमी पडतंय ते आधी तोंडाने सांगता आलं पाहिजे.

आवाज आत जातो कसा

माइक हवेतल्या कंपनांचं रूपांतर अतिशय क्षीण विद्युत संकेतात करतो. ऑडिओ इंटरफेस नावाची पेटी त्याला बळ देते, त्याचे आकडे बनवते आणि यूएसबीने संगणकात पाठवते. कंडेन्सर माइक असेल तर त्याला लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवरही तीच पुरवते. दोन इनपुटची साधी पेटी शिकायला पुरते, कारण घरी बहुतेक वेळा एका वेळी एकच जण वाजवतो.

आकड्यांचं गणित फार खोलात जाण्यासारखं नाही. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं. एखादी कंपनसंख्या नीट पकडायची तर तिच्या दुपटीहून जास्त वेळा दर सेकंदाला मोजमाप घ्यावं लागतं. म्हणून सीडीसाठी ४४.१ किलोहर्ट्झ आणि व्हिडिओसाठी ४८ किलोहर्ट्झ हे दर रूढ झाले. दोन्हींपैकी एक निवडा आणि गाणं संपेपर्यंत बदलू नका.

बिटचा मुद्दा मात्र रोजच्या कामाचा आहे. एक बिट म्हणजे साधारण ६ डेसिबलचा पल्ला. १६ बिटमध्ये ९६ डेसिबल, २४ बिटमध्ये १४४. डिजिटलमध्ये वरची हद्द शून्य डेसिबल. इंटरफेसच्या आत येतानाच आवाज तिच्या वर गेला की लहरीचा माथा सपाट कापला जातो आणि तो कर्कश चरचराट नंतर कुठल्याही प्लगइनने (सॉफ्टवेअरला जोडायच्या आवाज-साधनाने) धड निघत नाही. ‘लेव्हल जितकी वर तितकं चांगलं’ हा टेपच्या जमान्यातला नियम होता, कारण टेपची खरखर आवाजाखाली झाकायची असायची. २४ बिटमध्ये सर्वांत मोठी जागा उणे १२ डेसिबलवर ठेवली तर हिशेबाने दोनच बिट वाया जातात आणि २२ उरतात. तेवढ्यात काहीही बिघडत नाही. म्हणून गायकाला गाण्यातली सर्वांत चढी ओळ पूर्ण ताकदीने गायला लावा, मीटर उणे १२च्या आसपास थांबेल असा गेन (इंटरफेसवरचं संकेत वाढवायचं बटण) ठेवा आणि मग त्याला हात लावू नका. चाचणीच्या वेळी सगळेच हळू गातात आणि खऱ्या टेकला, म्हणजे प्रत्यक्ष रेकॉर्डिंगला, आवाज चढतो, हेही धरून चला.

कानात उशिरा येणारा आवाज

नवख्याला सर्वांत आधी छळणारी गोष्ट म्हणजे लेटन्सी. तुम्ही गाता आणि स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये किंचित उशिरा येतो. मग लय ओढल्यासारखी होते आणि आपणच बेताल आहोत असं वाटायला लागतं.

संगणक आवाज सुटा सुटा हाताळत नाही, गठ्ठ्याने हाताळतो. त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झला १०२४ मोजमापांचा बफर भरायला सुमारे २१ मिलिसेकंद लागतात, आणि बाहेर जाताना पुन्हा तेवढेच. एकूण ४० मिलिसेकंदांच्या वर. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरमागे जवळपास ३ मिलिसेकंद. ४०-४५ मिलिसेकंदांचा उशीर हा साथीदार चौदा-पंधरा मीटर लांब उभा राहून वाजवत असल्यासारखा आहे. बफर १२८ केला तर एका बाजूचा उशीर २.७ मिलिसेकंदांवर येतो आणि तो बहुतेकांना जाणवतही नाही.

मग बफर कायम छोटाच का ठेवू नये? कारण छोटा गठ्ठा म्हणजे संगणकाची सततची धावपळ, आणि प्लगइन जास्त झाले की आवाज तुटायला लागतो. म्हणून रेकॉर्ड करताना बफर छोटा आणि प्लगइन जवळजवळ नाहीत, मिक्स करताना बफर मोठा. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असेल तर आणखी उत्तम. त्यात तुमचा आवाज संगणकाला वळसा न घालता थेट कानात येतो. मात्र त्या वेळी सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर एकच शब्द दोनदा ऐकू येईल. विंडोजवर इंटरफेस बनवणाऱ्यांचा असिओ ड्रायव्हर (इंटरफेस आणि संगणक यांना कमी उशिरात जोडणारं सॉफ्टवेअर) टाकल्याशिवाय यातलं काही धड चालत नाही. आणि ब्लूटूथ हेडफोन या कामाला पूर्ण निरुपयोगी, त्यांचा स्वतःचाच उशीर १०० मिलिसेकंदांच्या पुढे सहज जातो. वायरचे आणि बंद कपांचे हेडफोन हवेत, म्हणजे क्लिकची, लय धरायला कानात लावलेल्या ठोक्यांची, टकटक माइकमध्ये झिरपणार नाही.

खोली हेही एक वाद्यच

माइकला तुमचा आवाज दोनदा ऐकू येतो, एकदा थेट आणि एकदा भिंतीवरून, टेबलावरून किंवा छतावरून आपटून. समजा तुम्ही टेबलासमोर बसून गाताय आणि टेबलावरून उलटून आलेला आवाज थेट आवाजापेक्षा ३४ सेंटिमीटर जास्त अंतर कापून येतो. म्हणजे तो एक मिलिसेकंद उशिरा पोचतो. एवढ्याशा उशिरामुळे ५०० हर्ट्झला दोन्ही लहरी नेमक्या उलट्या पडतात आणि एकमेकींना खातात. तसंच १५०० ला, तसंच २५०० ला. मूळ आवाजात कंगव्याच्या दातांसारख्या खाचा पडतात, म्हणूनच याला कोम फिल्टरिंग (इंग्रजी ‘कोम’ म्हणजे कंगवा) असं नाव आहे. घरच्या रेकॉर्डिंगला जो ‘डब्यातला’ आवाज येतो तो पुष्कळदा हाच. या खाचा इक्यूने, म्हणजे स्वरपट्ट्या कमी-जास्त करणाऱ्या साधनाने, भरून निघत नाहीत. टेबलापासून उठून उभं राहिलं, किंवा टेबलावर जाड रजई पसरली, तर फरक लगेच कानाला कळतो.

भिंतींना चिकटवायचा पातळ फोम हा माझ्या मते घरगुती स्टुडिओतला सर्वांत फसवा खर्च. तो वरच्या पट्टीतला खणखणाट शोषतो आणि खालचा घुमारा जसाच्या तसा ठेवतो, म्हणून खोली मोकळी वाटण्याऐवजी कोंदट वाटायला लागते. खालचे स्वर शोषायला जाडी लागते: गादी, दुलया, कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट, पुस्तकांनी भरलेली भिंत. गायकाच्या पाठीमागे जाड दुलई टांगा, कारण माइकचं तोंड त्याच दिशेला असतं. खोलीच्या अगदी मधोमध आणि कोपऱ्यात उभं राहायचं टाळा.

मग अंतर. तोंडापासून माइक साधारण एक वीत ठेवला की थेट आवाज खोलीच्या आवाजापेक्षा बराच वरचढ होतो. त्याहून फार जवळ गेलात तर दिशा धरणाऱ्या माइकमध्ये खालचे स्वर फुगतात. आकाशवाणीवरच्या निवेदकांचा भारदस्तपणा अंशतः यातूनच येतो, पण गाण्यात त्याचा चिखल होतो. ‘प’ आणि ‘फ’चे फुंकर बसू नयेत म्हणून मध्ये पॉप फिल्टर ठेवा, किंवा माइक तोंडाच्या रेषेतून थोडा बाजूला सरकवा.

गिटारचं उदाहरण जरा जवळून पाहू. अकूस्टिक गिटारच्या भोकासमोर माइक लावावा असं प्रत्येकाला वाटतं, आवाज तिथूनच तर येतो! पण भोकातून येतो तो मुख्यतः पोटातल्या हवेचा घुमारा, १०० हर्ट्झच्या आसपासचा. तेच वाद्य, तोच माइक घेऊन बाराव्या फ्रेटसमोर पाऊण-एक वितीवर या, माइकचं तोंड किंचित भोकाकडे वळवा. घुमारा ओसरतो, तारांची टोकदार किणकिण आणि लाकडाचा ऊबदारपणा दोन्ही सापडतात. एक जण वाजवत असताना दुसऱ्याने हेडफोन घालून माइक बोटभर इकडे, बोटभर तिकडे असा हलवत राहावा. एकटेच असाल तर पाच जागांवर दहा-दहा सेकंद रेकॉर्ड करा आणि डोळे मिटून ऐका. या पंधरा मिनिटांत जो आवाज ठरतो तो नंतर इक्यूच्या बटणांशी दोन तास झटूनही मिळत नाही. ‘मिक्समध्ये बघू’ म्हणणाऱ्याने गमावलेला पहिला निर्णय तो हाच.

एका वाद्याला दोन माइक लावण्याचा मोह मात्र सुरुवातीला आवरा. दोन्हींपर्यंत आवाज वेगवेगळ्या वेळी पोचतो आणि टेबलाच्या उदाहरणातल्याच खाचा पुन्हा पडतात.

टेक घेताना

आधी एक कच्चा गाइड ट्रॅक घ्या: क्लिकवर गिटार किंवा पेटी आणि साधा आवाज. पुढे सगळे त्याच्या आधाराने वाजवतील आणि शेवटी तो पुसला जाईल. क्लिक प्रत्येक गाण्याला लागतोच असं नाही. लय श्वासासारखी मागेपुढे होणारी असेल तर क्लिक तिचा जीव घेतो. पण क्लिकशिवाय घेतलेल्या गाण्यावर दुसऱ्या दिवशी ताल चढवणं कठीण जातं, तेव्हा तशा गाण्यात मुख्य वाद्य आणि ताल एकदमच घ्यावेत.

आवाजाचे तीन-चार पूर्ण टेक घ्या आणि त्याच दिवशी, कान ताजे असतानाच, प्रत्येक ओळीचा सर्वांत चांगला तुकडा निवडून एक ट्रॅक जुळवा. याला कॉम्पिंग म्हणतात. तुकडे जोडताना जोड श्वासाच्या आधी टाका आणि तिथे काही मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक तुकडा विरत असतानाच दुसरा चढेल, नाहीतर बारीकशी टिक ऐकू येते. चाळीस टेक साठवून महिनाभराने निवडायला बसलेला माणूस कधीच निवडू शकत नाही, कारण तोवर त्याला सगळेच टेक एकसारखे वाटायला लागलेले असतात. सूर किंचित हललेला पण शब्दात जीव असलेला टेक आणि सुरेल पण मख्ख टेक यांत मी डोळे झाकून पहिला ठेवीन.

मिक्स: आधी फक्त फेडर

सगळे ट्रॅक समोर आले की हात आपोआप प्लगइनकडे जातो. तो थांबवा. सगळे फेडर, म्हणजे प्रत्येक ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या, पूर्ण खाली आणा. गाण्यात सर्वांत महत्त्वाचं काय ते ठरवा, बहुधा आवाज, आणि तो सोयीच्या पातळीवर आणा. मग ताल, मग बेस, मग बाकीचे एकेक. प्रत्येकाला ‘नीट ऐकू येतंय, पण आवाजाला त्रास होत नाही’ इथपर्यंतच वर चढवा. अर्ध्याहून अधिक मिक्स इथेच होतो. एखादा ट्रॅक कुठल्याच पातळीवर बसत नसेल तर त्याला म्यूट करून गाणं ऐका. त्याची आठवण येत नसेल तर तो नकोच होता.

ट्रॅक वाढतील तशी एकूण लेव्हलही चढते. साधारण सारख्या जोराचे दोन वेगळे ट्रॅक एकत्र आले की सुमारे ३ डेसिबल वाढतात. असे सोळा ट्रॅक म्हणजे एकाच्या मानाने १२ डेसिबल जास्त. मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात त्या चॅनलवर, लाल दिवा लागला तर सगळे फेडर मिळून खाली घ्या.

ही सगळी जुळवाजुळव हळू आवाजात करा. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं की कानाची संवेदना आवाजाच्या जोरानुसार बदलते. हळू आवाजात खालचे आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात, जोरात लावलं की ते फुगून वर येतात. म्हणूनच जोरात लावलेलं काहीही छान वाटतं. दोन खोल्यांपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात केलेला मिक्स हळू लावला की पोकळ वाटतो. याच कारणाने, एखादा प्लगइन लावल्यावर गाणं सुधारलं असं वाटलं तर तो चालू आणि बंद असतानाची लेव्हल सारखी करून पुन्हा ऐका. निम्म्या वेळा सुधारणा म्हणजे नुसती दीड डेसिबलची वाढ निघते.

पॅनबद्दल, म्हणजे आवाज डावी-उजवीकडे ठेवण्याबद्दल, एकच गैरसमज दूर करतो. गिटारचा ट्रॅक कॉपी करून एक डावीकडे आणि एक उजवीकडे टाकला की आवाज रुंद होत नाही. दोन्ही तंतोतंत सारखे असल्याने मेंदू त्यांना एकच समजतो आणि गिटार मधोमधच राहते, फक्त मोठी होते. रुंदी फरकातून येते. तोच भाग दुसऱ्यांदा खरोखर वाजवा. दोन टेकमधले सूक्ष्म फरक कानाला दोन माणसं दाखवतात. दोनदा गाण्याचा कंटाळा यायचा म्हणून बीटल्सच्या स्टुडिओतले अभियंते केन टाउनसेंड यांनी १९६६ मध्ये टेपच्या साहाय्याने नकली दुसरा आवाज तयार करण्याची युक्ती काढली. तिचं गमकही हेच, दुसऱ्या आवाजाची वेळ किंचित मागेपुढे हलती ठेवणं.

इक्यू म्हणजे कंपनसंख्यांच्या पट्ट्यांनुसार आवाज कमी-जास्त करणं. मिक्समधली मुख्य अडचण अशी, की दोन आवाज एकाच पट्टीत आले की मोठा लहानाला झाकतो. शब्दांची स्पष्टता २ ते ५ किलोहर्ट्झच्या भागात असते आणि गिटारची किणकिणही तिथेच. आवाज दबला म्हणून त्याचा फेडर चढवला की गिटार दबते, तिचा चढवला की पुन्हा आवाज. हे भांडण मिटतं ते गिटारमधून ३ किलोहर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल काढल्यावर. गिटार एकटी सोलो करून ऐकलीत तर आता ती थोडी निस्तेज वाटेल, आणि इथेच बरेच जण घाबरून बदल मागे घेतात. पण ऐकणारा कधीच सोलो बटण दाबून ऐकत नाही. इक्यू सगळं वाजत असतानाच करायचा. तसंच आवाज आणि गिटारमधून ८० हर्ट्झच्या खालचं हाय-पास फिल्टरने (फक्त वरचे स्वर जाऊ देणाऱ्या फिल्टरने) सरळ काढून टाका. तिथे पंख्याची घरघर आणि पायांचे दणके याखेरीज काही नसतं, आणि ती जागा बेसची आहे.

कॉम्प्रेसर, एका ओळीपुरता

कॉम्प्रेसर म्हणजे आवाजाच्या मोठ्या जागा आवळून लहान-मोठ्यातलं अंतर कमी करणारं साधन. त्याची बटणं पाहून सगळेच गोंधळतात, म्हणून एकच ओळ घेऊ. गायकाने ओळीची सुरुवात कुजबुजत केली, उणे २२ डेसिबलवर, आणि शेवटचा शब्द उणे ८ वर फेकला. अंतर १४ डेसिबल. फेडर कुजबुजीला जुळवला तर शेवटचा शब्द अंगावर येतो, शेवटच्या शब्दाला जुळवला तर कुजबुज हरवते. आता थ्रेशोल्ड (जिच्या वर आवळणं सुरू होतं ती पातळी) उणे २० आणि रेशो (किती आवळायचं ते प्रमाण) ४ ला १ ठेवा. कुजबुज थ्रेशोल्डच्या खाली आहे, तिला धक्का लागत नाही. शेवटचा शब्द थ्रेशोल्डच्या १२ डेसिबल वर होता. ४ ला १ म्हणजे त्या बाराचे तीनच उरतात, म्हणून तो उणे १७ वर येतो. चौदाचं अंतर पाचवर आलं. मग मेकअप गेनने (आवळल्यानंतर सगळं वर उचलणाऱ्या बटणाने) सगळं ६ डेसिबल उचललं की कुजबुज उणे १६ वर आणि आरोळी उणे ११ वर. शब्द न् शब्द ऐकू येतो. मात्र त्याच सहा डेसिबलने खोलीची खरखर, लांबून येणारा हॉर्न आणि गायकाचे श्वासही उचलले गेले. खोलीकडे आधी केलेलं दुर्लक्ष या टप्प्यावर दामदुपटीने वसूल होतं.

अटॅक म्हणजे कॉम्प्रेसरने किती चटकन आवळायचं. तबला किंवा ड्रमवर तो एक-दोन मिलिसेकंदांचा ठेवला तर थापेचं टोकच बोथट होतं. २०-३० ठेवला तर थाप निसटते आणि मागची आस आवळली जाते, त्यामुळे ठोका उलट जास्त ठसठशीत वाटतो. रिलीज म्हणजे किती वेळाने सोडायचं. तो फार छोटा असला तर आवाज धापा टाकल्यासारखा होतो. आकडे पाठ करण्यापेक्षा सुरुवातीला रेशो मुद्दाम २० ला १ करून अटॅक-रिलीज फिरवून ऐका, परिणाम ढळढळीत कळतो. मग रेशो खाली आणा.

रिव्हर्ब, म्हणजे खोलीतल्यासारखं गुंजन देणारा प्लगइन, प्रत्येक ट्रॅकवर वेगळा लावू नका. एक स्वतंत्र बस (अनेक ट्रॅक जिथे पाठवता येतात असा सामायिक चॅनल) करा, तिच्यावर एकच रिव्हर्ब ठेवा आणि सेंडच्या बटणाने प्रत्येक ट्रॅक हवा तितका तिकडे पाठवा. सगळे एकाच जागेत वाजवताहेत असं वाटतं आणि संगणकावरचा भारही कमी होतो. आवाजासाठी २०-४० मिलिसेकंदांचा प्री-डिले (गुंजन सुरू होण्याआधीचा उशीर) ठेवला तर शब्द आधी कोरडा कानावर पडतो, गुंजन मागून येतं. रिव्हर्बचं प्रमाण ठरवायची माझी पद्धत अशी: तो जाणवेपर्यंत वाढवायचा आणि मग थोडा कमी करायचा. नवशिक्याच्या मिक्समध्ये रिव्हर्ब कमी पडलेला मी क्वचितच ऐकलाय.

हातावेगळं करताना

मिक्स मोनो करून, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून, ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर ऐका, गाडीत ऐका. मोनोमध्ये एखादं वाद्य गायब झालं तर कुठेतरी दोन ट्रॅक एकमेकांना खाताहेत. शेजारी त्याच प्रकारचं एखादं व्यावसायिक गाणं ठेवा, पण त्याची लेव्हल आपल्या मिक्सइतकी खाली आणूनच तुलना करा.

लिमिटर (ठरावीक पातळीच्या वर आवाज जाऊच न देणारा कॉम्प्रेसर) लावून गाणं ठासून मोठं करण्याची आता गरज नाही. स्पॉटिफायसारख्या सेवा सगळी गाणी एका ठरावीक पातळीवर आणून वाजवतात. स्पॉटिफायची नेहमीची पातळी उणे १४ एलयूएफएस आहे. हे सरासरी ऐकू येणाऱ्या जोराचं माप. तुम्ही उणे ८ पर्यंत दाबून दिलंत तर तिथे ते सहा डेसिबल खाली ओढलं जाईल आणि दाबताना गमावलेला जिवंतपणा काही परत मिळणार नाही. सर्वोच्च टोक उणे १ डेसिबलच्या आत ठेवा, म्हणजे एमपी३ किंवा तत्सम स्वरूपात जाताना ते फाटत नाही.

शेवटी जागेचा हिशेब. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे ८.६ मेगाबाइट घेतो. चार मिनिटांच्या गाण्याचे दहा ट्रॅक म्हणजे साडेतीनशे मेगाबाइटच्या आत. एवढ्यासाठी दुसऱ्या डिस्कवर प्रत न ठेवण्याचं काही कारण नाही. नुसती प्रोजेक्ट फाइल पुरत नाही, तिच्यात आवाज नसतो, आवाज कुठे ठेवलाय याची नोंद असते. गाणं पूर्ण झालं की प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून सुरू होणारी वेव्ह फाइल म्हणून वेगळा काढा आणि फाइलच्या नावात वाद्य आणि गाण्याची लय दोन्ही लिहा. पाच वर्षांनी सॉफ्टवेअर बदललं किंवा एखादा प्लगइन बंद पडला, तरी या फाइली कुठेही उघडतात आणि एकाखाली एक टाकल्या की आपोआप जुळतात.